येळवशीच्या दिवशी मेलेलं वाण

१

माश्या मेल्या म्हणून कुणी डॉक्टर बोलावतं का? मला बोलावलं. आणि फोन करणाऱ्या मुलीला धड बोलताही येत नव्हतं, इतकी ती रडत होती.

"बाई, सगळं संपलं. माझं वाण मेलं. कुणीतरी जाळीत विष फवारलं."

तिचं नाव तनुजा. देवणीच्या दवाखान्यात मी जनावरांची डॉक्टर होते, तेव्हा ही फ्रॉकातली पोर बापाबरोबर वळू घेऊन यायची आणि माझ्या टेबलावरच्या सुया चिवडून बोलणी खायची. बाप गेला, मी निवृत्त होऊन लातूरला आले, आणि ही पोर शिकून देवणीजवळच्या आपल्या गावात काळ्या माशीच्या अळ्या पाळायला लागली. गाव हसलं. मेल्यांना हसायला काय जातंय?

ही घरात घोंघावणारी माशी नव्हे. ही ताटावर बसत नाही, चावत नाही. हिच्या अळ्या सडकी केळी, भाजीचा कचरा, मिळेल ते खाऊन टम्म होतात. त्या वाळवल्या की कोंबड्यांना नि तळ्यातल्या मासळीला पेंडीपेक्षा सरस खाद्य होतं. अर्धापूरहून केळीचा टाकाऊ माल टेम्पोनं यायचा. तनुजाचं खरं काम मात्र वेगळंच होतं. दर पिढीतल्या सगळ्यात जड अळ्या ती बियाणं म्हणून बाजूला काढायची, त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. देवणीच्या माणसांनी वळू निवडून गुरं घडवली ना, तसंच. चार वर्षं, तीसेक पिढ्या. तिची अळी आता बाजारातल्या अळीच्या दीडपट भरायची. अख्ख्या भागात ते वाण एकाच ठिकाणी होतं, तिच्या शेडातल्या शेवटच्या खोलीत, एका जाळीत.

त्या जाळीत मेलेल्या काळ्या माश्यांचा थर पडला होता. खाली कोषांची रिकामी टरफलं. खोलीभर कीटकनाशकाचा भपकारा. दारात फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली.

"काल येळवस होती, बाई. आम्ही सगळे रानात. सकाळी गेले तेव्हा कोष फुटायला लागले होते, ऊब राहावी म्हणून बल्ब लावून ठेवले. आज येऊन बघते तर हे. दादानं मला आत जाऊच दिलं नाही, विष अंगात जाईल म्हणाला. संध्याकाळी सगळं जाळून टाकू म्हणतोय."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूरकडच्या गावांत कुत्रंसुद्धा घरी राहत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. शेडाला कुलूप कोण लावतंय?

"काही जाळायचं नाही," मी ओरडले. "मी बघितल्याशिवाय काडी लावाल तर याद राखा!"

लातूरहून दुपारपर्यंत पोचले, तोंडाला पदर बांधला, भिंग घेतलं नि आत गेले. म्हशींची पोटं फाडलेली बाई मी, माशीला काय घाबरते? एक उचलली, पोट बघितलं. दुसरी उचलली. मग मूठभर घेऊन बाहेर उन्हात बसले, आणि माझं डोकं तापायला लागलं.

"तनू, ह्या माश्या कधी कोषातून निघाल्या म्हणतेस?"

"काल. फार तर रात्री."

"कालच्या माशीचे पंख झिजून फाटलेत? पोट रिकामं चपटं? नव्या माशीच्या पोटात चरबी गच्च असते, हे तूच मला सांगितलंस ना? रडायचं थांबव आणि बघ. ह्या म्हाताऱ्या होऊन, अंडी घालून आपल्या मरणानं मेलेल्या माश्या आहेत. विष मेल्यावर फवारलंय. ह्या तुझ्या माश्या नाहीतच!"

२

मोठ्या शेडात रोज अशा म्हाताऱ्या माश्या मरतात. झाडून पोत्यात भरतात, खताला जातात. टरफलांचंही तेच. दाराशी अशी पोती होती, आणि एक पोतं अर्धं रिकामं होतं. म्हणजे कुणीतरी तनुजाचे कोष काढून नेले होते, त्यांच्या जागी केर ओतला होता आणि वर विष मारून खुनाचा देखावा उभा केला होता.

"म्हणजे वाण जिवंत आहे?" तनुजानं माझा हात घट्ट धरला.

"आहे. पण किती दिवस?"

ती बोटांवर दिवस मोजायला लागली. ह्या माशीला उणापुरा आठवडा मिळतो. त्यात नर-मादीची गाठ पडून अंडी झाली तर ठीक, नाहीतर चार वर्षं पाण्यात. आणि महिन्याभरात तिचं लग्न होतं, अर्धापूरच्या शिवमशी. केळीच्या बागांजवळ नवं शेड बांधून तयार होतं, वाण घेऊन ती तिकडे जाणार होती. आता काय घेऊन जाणार?

हे बोलतोय तोवर तिचा थोरला भाऊ शिवशंकर आला. उंचापुरा माणूस, देवणी वळू पाळणारा, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारा. डोळे लाल.

"नशीब फुटलं हो डॉक्टरीणबाई माझ्या बहिणीचं! पण मी बी सोडलं न्हाई. ती बाटली श्रीमंताची हाय. सकाळीच पोरं धाडून त्याला पारावर आणलं, सगळ्या गावासमोर."

"आणलं म्हणजे?"

"दोन लगावल्या. मग काय आरती ओवाळू का?"

श्रीमंत म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, वयानं शिवशंकरच्या बापाएवढा. मी तडक त्याच्या घरी गेले. ओठ सुजलेला, सदऱ्याची बाही फाटलेली. मला बघताच तो असा भडकला की त्याची बायको आत पळाली.

"हाव, म्हणलो होतो मी! ह्या माश्यापायी एक दिवस शेड फुकून टाकीन म्हणलो होतो! वास येतो, पाहुणं नाकाला फडकं लावतंय. पण मारायचं असतं तर सांगून मारलं असतं, आन् सगळं शेड मारलं असतं. एवढ्या माश्या सोडून मागच्या खोलीतली एकच जाळी धुंडत बसलो असतो का मी? मला काय ठावं तिच्यात काय हाय?"

"आणि बाटली?"

"तुरीवर फवारली, बांधाला फेकली. अशा चार पडल्यात, जाऊन बघा! कोण बी उचलंल. बांधावरून माझं नि त्या शिवशंकराचं वाकडं हाय, समद्या गावाला ठावं हाय. मला नासवायला निमित्त पायजेच होतं त्याला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हे. एवढ्या वयाच्या माणसाला पारावर मारलं आणि गाव बघत उभं राहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या ओठाला औषध लावलं, आणि तो मलाच शिव्या देत राहिला. मी देऊ दिल्या.

रात्री शिवशंकरच्याच घरी जेवायला बसावं लागलं. त्यानं आग्रहानं भज्जी वाढली, वर आंबिलीच्या मडक्यातून, बिंदग्यातून, दोन गिलास आंबील.

"घ्या की डॉक्टरीणबाई. यंदा आंबिलीची दोन बिंदगी केली होती. काल समदं गाव जेवून गेलं, तरी एक भरलेलंच वापस आलं."

मी प्यायले. आंबील छान आंबट झाली होती. तेवढ्यात तनुजाचा फोन वाजला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. नांदेडहून रविकिरण उद्या येतो म्हणत होता, आणि वाणाचं काय झालं हे त्याला आधीच कळलं होतं.

३

रविकिरण एका खाद्य कंपनीचा माणूस. ते वाण विकत घ्यायला वर्षभर तनुजाच्या मागे लागला होता. तिनं प्रत्येक वेळी नाही म्हटलं. सकाळी चकचकीत गाडीतून उतरला नि मी तोंड उघडायच्या आतच तो उखडला.

"मी काल रात्रीपासून विचार करून राहिलो मॅडम, लोक माझं नाव घेणार! म्हणून स्वतःच आलो. मेलेलं वाण माझ्या काय कामाचं?"

"मेलं हे तुला कुणी सांगितलं?"

"शिवशंकररावांनी फोन केला. म्हणाले, बहिणीचं संपलं, आता इकडं येऊ नका."

"समजा, मेलं नसेल. समजा, कुणी चोरलं असेल. तू असतास तर काय नेलं असतंस?"

तो हसला. धंद्यातला माणूस, धंद्याचं विचारलं की खुलतो.

"सगळं! वाण मोडून नेतात का? नाहीतर अंडी. चिमूटभर अंडी खिशातून जातात, पुढची पिढी उभी राहते. कोष उचलून नेणं म्हणजे येडेपणा. आणि नेलेच तर बारके-मोठे सगळे नेईन. मोठे कोष बहुतेक माद्यांचे असतात, बारके नरांचे. आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे."

"आणि येळवशीला कुठं होतास?"

"आमच्या नांदेडात मॅडम आम्ही काही एवढी येळवस करत नाही. ऑफिसात होतो, विचारा कुणालाही." मग आवाज उतरला. "खरं सांगू? ते वाण जिवंत असेल तर ताईंना म्हणावं, मला नका विकू. पण जपा. असं काम मी दुसरीकडं बघितलं नाही."

हा माणूस मला आवडायला लागला होता, आणि त्याचा मला रागच आला. माझ्याकडचे दोन्ही संशयित गळून गेले होते. उरली होती शेडात काम करणारी केवळाबाई. तिच्या नावानं तर तनुजाच कळवळून म्हणाली, "तिला काही विचारू नका बाई, चार दिवसांमागं माझं तिच्याशी भांडण झालंय."

४

केवळाबाई शेडामागं राहते. तिथं पोचले तेव्हा ती कोंबड्यांवर खेकसत होती. मला बघून आवाज आणखी चढला.

"या! आता माझ्यावर घाला समदं! भांडले, हाव, भांडले तनुताईशी. दिसभर हात चालवायचा आन् वर बोलणी खायची. म्हणून काय तिच्या लेकरावाणी जपलेल्या माश्या मारीन व्हय मी? कोंबड्यावानी रोज दाणापाणी मीच केलंय त्येंचं!"

"कोण म्हणतंय मारल्यास? येळवशीला तू कुठं होतीस?"

"मी कुठं असणार? माझं का शेत हाय? कुणी आवतन देलं न्हाई, म्हणून बसले हितंच. पाय दुखत हुता. दुपारच्याला भाऊसाहेब वाटेवरून चालले हुते, शिवशंकरदादा हो, डोक्यावर घोंगडं, घोंगड्यात बिंदगं, दोन्ही हातानं धरलेलं. म्हणलं, दादा, गिलासभर आंबील द्या की, तोंडाला तेवढीच येळवस. तर म्हणतेत, संपली. आन् बिंदगं डोक्यावर! सणाच्या दिवशी आंबिलीला न्हाई म्हणणारा माणूस मी जल्मात बघितला न्हाई. दळभद्री!"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. तिला तो अपमान लागला होता, बाकी काही नाही. माझ्या मात्र जिभेवर आदल्या रात्रीची आंबील परत आली. संपली? मी दोन गिलास प्यायले होते.

"कुठून कुठं चालले होते दादा?"

"शेडाकडून गोठ्याकडं."

शेतातून नव्हे. शेडाकडून. सण शेतात, आणि भरलेलं बिंदगं शेडाकडून गोठ्याकडं. तेवढ्यात कोंबड्यांपुढं ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यावर माझी नजर गेली. झाकण अर्धवट होतं. आत काळपट कोष होते, आणि त्यातले काही फुटत होते.

"हे कुठले गं?"

"काल सकाळी मोठ्या शेडात चाळणीखाली टबात सांडून पडल्ते. तनुताई बारका माल कोंबड्याला देती, म्हणून आणले. निम्मे खाल्ले बी त्येंनी."

मी तो डबा छातीशी धरून शेडाकडं अक्षरशः पळाले. मागून केवळाबाई ओरडत होती, "अवं, माझा डबा!"

५

तनुजानं एक कोष तळहातावर घेतला. नुसत्या वजनावरून तिला कळलं.

"माझा आहे. माझ्या वाणातला बारका कोषसुद्धा बाकीच्यांच्या मोठ्याएवढा भरतो." तिनं आणखी एक तोलून बघितला. "बाई, हे चाळलंय कुणीतरी. माझ्याच चाळणीनं. मोठे वर राहिले ते नेले, बारके खाली पडले ते टाकून दिले."

डब्यातून निघालेल्या माश्या आम्ही लहान जाळीत सोडल्या आणि एकेक भिंगाखाली धरली. शेपटाच्या टोकावरून नर-मादी ओळखू येते. नर. नर. पुन्हा नर. एखादीच मादी, तीही कोंबडीनं टोचलेली.

तनुजानं भिंग खाली ठेवलं. "नुसत्या नरांचं काय करू मी?"

"त्याच्याकडं नुसत्या माद्या आहेत, त्याचं काय होणार ते बघ आधी," मी म्हणाले. "आता डोकं चालव. रविकिरणनं चोरलं असतं तर बारके टाकले नसते, ते नर असतात हे त्याला झोपेत माहीत आहे. श्रीमंतानं केलं असतं तर चाळलं कशाला असतं, सगळंच फवारलं असतं. केवळाबाई तर रोज तुझ्या हाताखाली असते. बियाण्यातला बारका कोष तू वेगळा ठेवतेस की टाकतेस?"

"वेगळा ठेवते. नर त्यातूनच निवडते मी. तिला ठाऊक आहे. पण काल तो डबा तिनं..."

"टबात सांडलेले दिसले, नेहमीचा माल समजली. बियाण्याची खोली तर तुम्ही बंद करून ठेवली होती. तिनं चाळून चोरले असते तर मला ते हौसेनं दाखवले असते का? मग उरला कोण? ज्याला निवड माहीत आहे, पण माशी माहीत नाही. जो मोठ्यात मोठा नग उचलतो आणि समजतो, हाच वळू. ज्याच्या घरात तीन पिढ्या हाच हिशोब चालत आलाय, की वळू दांडगा तर जात दांडगी."

तिनं माझ्याकडं बघितलं. कळलं होतं तिला. पण ओठ दाबून मान हलवत राहिली.

"दादा नाही. बाई, दादा नाही. त्यानंच मला हे शेड बांधून दिलं. आईबापामागं त्यानंच..."

"येळवशीला भरलेलं बिंदगं डोक्यावर घेऊन तो शेडाकडून आला. केवळाबाईनं आंबील मागितली तर संपली म्हणाला. रात्री मात्र भरल्या बिंदग्यातली आंबील त्यानं मलाच पाजली, म्हणजे डोक्यावरच्या बिंदग्यात आंबील नव्हती, तुझे कोष होते. तुला आत जाऊ दिलं नाही. सगळं जाळायची घाई केली. रविकिरणला पहिला फोन त्यानं केला. आणखी काय पाहिजे?"

ती उठली. डोळे कोरडे झाले होते. "चला," म्हणाली.

६

गोठ्यामागं कडब्याची खोली आहे. भर दुपारी तिच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. दार ढकललं. आत बाळाची मच्छरदाणी टांगलेली, वर दोन मोठे बल्ब, आणि मच्छरदाणीत काळ्याभोर, टपोऱ्या माश्या. शेजारी पाटावर शिवशंकर बसला होता. आम्हाला बघून उठला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल त्यानं? मच्छरदाणीपुढं आडवा उभा राहिला.

"तनू, ऐकून घे."

"श्रीमंतकाकाला का मारलंस?" तनुजानं एवढंच विचारलं.

"वाण घेऊन तू परक्या घरी चाललीस! देवणीची जात कुणी लेकीच्या हुंड्यात देलीय का आजवर? आपल्या आज्यानं वळू विकला, पर मूळ गाय कधी दारातून बाहेर न्हाई काढली. हितली माती, हितलं शेड, आन् नाव लागंल अर्धापूरच्या लोकाचं! घरातच ठेवलं मी. चोरी केली का?"

"चोरी नाही? मग मेल्या, मेलेल्या माश्या कशाला ओतल्यास?" मला राहवलं नाही. "बहिणीला छाती पिटून रडताना बघितलंस, शेजारी बसून तूही रडलास. एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड फोडलंस. आणि वर नाकानं कांदे सोलतोस?"

"मला वाटलं, दोन महिन्यानं सांगीन. लगीन झाल्यावर. तिचं नाव बी लावलं असतं..."

"काय सांगणार होतास? हे?" मी मच्छरदाणीकडं बोट केलं. "तुझे हे दांडगे वळू आहेत ना, त्या सगळ्या माद्या आहेत, शिवशंकर. सगळ्या. वळू तू चाळणीखाली टाकलेस, आणि निम्मे कोंबड्यांनी खाल्ले. अंडी घालतील, एक फुटणार नाही. आणखी चार-पाच दिवसांत ह्या मरतील आणि तुझ्या बहिणीचं वाण खरोखरच मरेल. तुझ्या हातानं."

त्यानं वाकून मच्छरदाणीत बघितलं. तीन पिढ्या वळू ओळखणाऱ्या घरातला माणूस, त्याला माशीतली मादी ओळखता आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्याची कीव यायला हवी होती, आली नाही.

"न्हाई," तो पुटपुटला. "मोठ्यात मोठे निवडले मी. येकेक बघून."

"तेच तर."

तनुजानं मच्छरदाणीची दोरी सोडायला घेतली. त्यानं तिचा हात धरला.

"तनू, घरातली गोष्ट घरात ठेव. पाया पडतो. पारावर कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

"श्रीमंतकाकाला राहिलीय?" ती इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. "आज. आत्ता. त्याच पारावर जायचं, त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळ्या गावासमोर सांगायचं, बाटली मी ठेवली. नाही गेलास तर मी जाऊन सांगते. मग घर राहील की नाही, मला ठाऊक नाही."

७

तो गेला. मी मागे जाऊन बघितलं, कारण माझा विश्वास नव्हता. सांगितलं त्यानं, अडखळत, खाली बघत. श्रीमंतानं त्याला उठवलं नाही, माफही केलं नाही. "आता बास, जा घरी," एवढंच म्हणाला आणि तंबाखू मळत बसला. ठीकच केलं.

शेडात आम्ही दोघींनी नर-माद्या एका जाळीत सोडल्या. बल्ब वाढवले, माद्यांना अंडी घालायला लाकडी पट्ट्यांच्या फटी करून ठेवल्या. पहिला दिवस काहीच नाही. तनुजा जाळीपासून हलली नाही, जेवलीही तिथंच. केवळाबाई चहा आणून आपटायची आणि बडबडायची, "मला काय ठावं त्ये बियाणं हुतं म्हणून! म्या उगंच कोंबड्या मोकळ्या सोडल्या!" शेवटी तनुजाच तिला म्हणाली, तू तो डबा उचलला नसतास तर सगळेच केरात गेले असते. त्यावर ती जास्तच रडली.

मग फटींमध्ये पिवळसर अंड्यांचे पुंजके दिसले. चार दिवसांनी भिंगाखाली बघितलं, आणि तनुजा मला मिठी मारून हसायला लागली. अंडी फुटली होती. नर थोडे राहिल्यामुळं पुढच्या पिढ्यांना जपावं लागणार होतं, पण वाण जिवंत होतं.

मला वाटलं, आता ती सगळं गोळा करून त्याच संध्याकाळी अर्धापूरला निघेल. तिनं उलटं केलं. अळ्यांचे वाटे करायला बसली.

"एका जाळीत ठेवलं होतं म्हणून एका माणसानं संपवत आणलं, बाई. आता दहा घरांत राहील. एकाकडचं मेलं तर दुसऱ्याकडून आणता येईल."

एक वाटा अर्धापूरला. एक केवळाबाईला, तिच्या स्वतःच्या नावानं. एक माझ्या लातूरच्या गच्चीवर, मी नको नको म्हणत असताना. एक तर श्रीमंताला! तो आधी म्हणाला, ही घाण माझ्या दारात नको. मग म्हणाला, कोंबड्या लवकर वाढतात म्हणं. मग घेऊन गेला. रविकिरण फोनवर किंचाळला, "ताई, असं वाटून टाकतात का कुणी?" तिनं त्यालाही एक ठेवला.

ती अर्धापूरला निघायच्या दिवशी शिवशंकर शेडाच्या दारात आला. आत आला नाही. पायानं माती उकरत उभा राहिला. मी तनुजाला खुणेनं म्हटलं, बघू नकोस त्याच्याकडं. तिनं माझं ऐकलं असतं तर ती तनुजा कसली?

"काय पाहिजे?"

"सगळ्याला देलंस," तो म्हणाला. "मी... मागायला आलोय."

तिनं शेवटचा डबा उचलला, झाकण घट्ट बसलंय का बघितलं, आणि त्याच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले. तो काही बोलणार, तोच तिनं थांबवलं.

"भाऊ म्हणून नाही दिलं. मागायला आलास म्हणून दिलं. श्रीमंतकाकांना दिलं तसंच."

त्यानं मान हलवली. डबा दोन्ही हातांनी धरला. जाता जाता वळला.

"लोक इचारतील, कुणाची जात हाय. काय सांगू?"

"माझं नाव सांग," तनुजा म्हणाली. "प्रत्येकाला, प्रत्येक वेळी."

तो गेला. ती टेम्पोत बसली. मी तिला आजही सांगते, मी असते तर त्याला एक अळीसुद्धा दिली नसती.